थोरलीचं पाणी कुठे जातं

लाकडाची वखार,
४ डिसेंबर

आत्ये,

नमस्कार. आधी महत्त्वाचं सांगून टाकतो, म्हणजे तू शेवटचं पान आधी उघडणार नाहीस. थोरली चालू झाली! तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून बिचारी इथे फळ्यांच्या ढिगामागे उभी होती. एवढा मोठा ट्रक, पण सेल्फ मारला तर नुसतं टक्‌ टक्‌. मग वखारवाल्याने त्याच्या टेम्पोच्या बॅटरीवरून वायर जोडून दिली आणि ती अशी खोकली की छपरावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. वखारवाला म्हणाला, "बाईंची गाडी बाईंसारखीच उठली."

मला पोचायला उशीर का झाला ते विचारशील. मी थेटच निघालो होतो. पण वाटेत एक माणूस विहिरीत पडलेला पंप एकटाच दोरीने ओढत होता, त्याला असा टाकून पुढे कसं जायचं? दोन दिवस राहिलो. पंप वर आला, माझा फोन खाली गेला. म्हणून हे पत्र.

आता केबिन म्हणजे माझं घर झालंय. सीटमागच्या फळीवर गादी टाकली, पायाखाली जुनी सतरंजी अंथरली, आरशाला कंगवा अडकवला. थंडी मरणाची आहे, पण तुझा हीटर अजून शाबूत आहे. लावला की पायांना असं वाटतं की कुणीतरी जवळचं माणूस फुंकर घालतंय.

एकच भानगड आहे. थोरली पाणी पिते. सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरतो, बाजारापर्यंत एक चक्कर मारून येतो, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर पाणी खाली. इंजिनाखाली वाकून बघितलं, काही थेंबबिंब नाही. असो. बाजारात मी मासेवाल्याला सोडायला जातो. खायच्या माशांचा नव्हे, काचेच्या पेटीतल्या रंगीत माशांचा. तो पाणी भरलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसतो आणि वळण आलं की माशांना सांगतो, "सांभाळा रे, वळण आलं." त्याचं म्हणणं, माशांनाही गाडी लागते. तुला काय वाटतं?

तुझा,
भटक्या

*

चौथा मजला,
८ डिसेंबर

अरे भटक्या,

फोन विहिरीत गेला ते बरं झालं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि तू अर्धंच सांगतोस.

तुझं पत्र तीन पानांचं. त्यात गाडी किती, तर चार ओळी. विहीर, पंप, कबुतरं, मासे! यातलं काहीही मला घाट चढवून इथे आणायचं नाहीये. मला माझी गाडी आणायची आहे. आणि पाणी पिणारी गाडी घाटात नेली तर पहिल्याच चढाला तिला ताप येईल आणि मग ती आयुष्यातून उठेल.

तेव्हा नीट ऐक. इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तोंड भाजेल. साधं पाणी ओतत बसू नकोस, बाजारातून हिरवं कूलंट आण आणि ते घाल. संध्याकाळी इंजिनाखाली पुठ्ठा पसर, सकाळी त्यावर डाग आहे का ते बघ. होज पाइप हाताने दाबून बघ, क्लिपा आवळ. वॉटर पंपाखाली बोट फिरव. झाकणाचं रबर बघ, चिरलं असेल तर नवं झाकण घे. ऑइलची काडी बाहेर काढ, तिच्यावर दुधाच्या सायीसारखं काही आहे का ते सांग. धूर पांढरा येतो का, ते सांग. समोरच्या गॅरेजच्या फिटरलाही दाखव.

आणि पुढचं पत्र फक्त गाडीचं. इकडचं तिकडचं एक अक्षर नको. तुझी गंमत मला आवडते, पण आता वेळ गमतीची नाही.

मी बरी आहे. दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसते, गुडघ्याला बरं वाटतं. तुझा दादा ऑफिसातून आला की विचारतो, "आई, आज काय शिवलंस?" मी सांगते, सावकाश चाललंय.

आत्या

*

लाकडाची वखार,
१२ डिसेंबर

ती. आत्यास,

सांगितल्याप्रमाणे फक्त गाडीचं.

रेडिएटर बाहेरून कोरडा, कुठे गळती नाही. होज ठीक. क्लिपा आवळल्या. पंप कोरडा. झाकण नवं घातलं. कूलंट भरलं, तरी कमी होतंच आहे. पुठ्ठा रोज टाकतो, रोज कोरडा. ऑइल स्वच्छ, साय नाही. धूर नेहमीसारखा.

गाडी फिटरकडे नेली. त्याने भर दुपारी बॉनेट उघडून बराच वेळ इंजिन चालू ठेवलं, पाणी जराही कमी झालं नाही. तो म्हणतो, बाहेर दिसत नाही म्हणजे आत जळतंय. हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागेल. तो माणूस फार चांगला आहे, त्याच्या गॅरेजमध्ये एक... पण ते गाडीचं नाही म्हणून लिहीत नाही.

काय करू?

आपला आज्ञाधारक भाचा

*

चौथा मजला,
१५ डिसेंबर

बाळा,

हे पत्र नक्की तूच लिहिलंस ना? मी पाकीट उलटं करून झटकलं, म्हटलं एखादा कागद आत राहिला असेल.

इंजिन खोलू देऊ नकोस. फिटरला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, थोडं थांबा. गॅस्केट गेलं असतं तर काडीवर साय दिसली असती, नाहीतर पांढरा धूर तरी आला असता, नाहीतर रेडिएटरात बुडबुडे. यातलं काहीच नाही आणि पाणी तर जातंय. गाडीतलं पाणी असं गुपचूप नाहीसं होत नाही रे. कुठेतरी काहीतरी ओलं करतंच.

आता तुला एक सांगते, जे आधी सांगितलं नव्हतं. तू घाईत गाडी हाकशील म्हणून लपवलं. तुझ्या दादाचं आणि माझं ठरलंय. वर्ष संपायच्या आत थोरली स्वतःच्या चाकांवर आपल्या दारात आली, तर ती राहील आणि मी चालवेन, तो हूं की चूं करणार नाही. दोरी बांधून ओढत आणावी लागली किंवा इंजिन खोलायची वेळ आली, तर भंगारात. मीच हो म्हटलं. भंगारवाला येऊन मोजमापं विचारून गेलाय.

दादाला बोल लावू नकोस. ऑपरेशनच्या वेळी त्याने माझं सगळं केलं, अगदी वेणीसुद्धा घातली, वाकडी. मला इथे काही कमी नाही. सगळं हातात मिळतं. पण सकाळी उठून कुठे जायचं नसतं, हे मला झेपत नाही. आणि त्याला थोरलीचा जरा राग आहेच. तो जन्मला तेव्हा ती आधीच दारात उभी होती. नाव थोरली पडलं ते त्यामुळेच. शाळेत कुणी विचारलं, तुम्ही किती भावंडं, की हा म्हणायचा, "मी आणि एक ट्रक."

तुला गप्प बसवलं ती माझी चूक. माझी अक्कल चालेनाशी झालीय, कारण तू मला काही सांगतच नाहीयेस. पुन्हा लिही. सगळं लिही. कबुतरं, मासे, कुणी काय म्हटलं, तू काय खाल्लंस, कुठे घसरलास. कागद संपला तर मागच्या बाजूला लिही.

आत्या

*

लाकडाची वखार,
१८ डिसेंबर

आत्ये, आत्ये, आत्ये,

भंगारात? थोरली? तुझं पत्र वाचलं आणि केबिनमध्ये जाऊन स्टिअरिंगला धरून बसलो. आणि तू मला आज सांगतेस! आधी सांगितलं असतंस तर मी खरंच घाईत हाकली असती, हे मात्र खरं.

बरं, सगळं लिहायचं ना? मग घे.

त्या दिवशी फिटरबद्दल लिहायचं राहिलं. त्याच्या गॅरेजमध्ये एक पोपट आहे, तो हुबेहूब हवेच्या पंपासारखा आवाज काढतो. गिऱ्हाईक हवा भरतंय असं वाटून फिटर दर थोड्या वेळाने बाहेर धावतो. रोज. त्याला सवयच होत नाही. गाडी दाखवली त्या दिवशी छान ऊन होतं, आम्ही दोघं बॉनेटवर कोपर टेकून गप्पा मारत होतो आणि इंजिन आपलं घुरघुरत होतं. मी हीटर बंद केला होता, उन्हात कशाला?

मासेवाल्याचं आणि माझं भांडण झालंय. माझीच जीभ घसरली. झालं काय, पायाखालची सतरंजी सारखी ओली. वखारीच्या कुंपणावर वाळत घालतो, वाळते, परत अंथरतो, दोन दिवसांत पुन्हा चिंब. डाव्या बाजूला तर जास्तच, जिथे मासेवाला बसतो. मी म्हटलं, "काका, तुमच्या पिशव्या गळतात." तो इतका दुखावला! भर बाजारात त्याने एकेक पिशवी उलटी धरून दाखवली, मासे बिचारे डोक्यावर उभे. "तीस वर्षांत एक थेंब सांडला नाही माझ्या हातून," म्हणाला, आणि आता तो बसने जातो. माझी आठवण काढत नसेल, पण मला त्याची येते. वळणावर आता कुणी कुणाला सांभाळायला सांगत नाही.

आणि तरी सतरंजी ओलीच आहे! बहुतेक दवाने. बूट पण चिकट होतात, परवा क्लचवरून पाय सटकला आणि थोरलीने अशी उडी मारली की कंगवा आरशावरून माझ्या खिशात येऊन पडला. काचेचं तर विचारूच नकोस. हीटर लावला की समोरची काच आतून धुरकट होते. पुसली की हाताला तेलकट लागतं. मी एक मोजा त्यासाठीच ठेवलाय. एका हातात स्टिअरिंग, एका हातात मोजा.

खाण्याचं म्हणशील तर वखारीच्या मागे बिस्किटांचा कारखाना आहे. सगळ्या गल्लीला गोड वास. तुटकी बिस्किटं स्वस्तात देतात, मी त्यावरच जगतोय. वासाची इतकी सवय झालीय की गंमत सांगतो, रविवारी कारखाना बंद असतो, भट्ट्या थंड, तरी मी केबिनमध्ये हीटर लावून बसलो की मला गोड वास येतोच. नाक पण वेडं असतं.

आणखी काय? वखारवाल्याच्या बायकोने मला स्वेटर दिला. बाह्या इतक्या लांब आहेत की हातमोजे लागत नाहीत. घसरण्याचं विचारलं होतंस, ते वर लिहिलं.

आत्ये, तारीख १८ झाली. मला गाडीतलं काही कळत नाही. मी आजवर सुरू केलेलं काही शेवटाला नेलेलं नाही, हे तुला बाबांनी सांगितलंच असेल. पण ही गाडी मला दारात आणायची आहे.

तुझा,
भटक्या

*

चौथा मजला,
२१ डिसेंबर

माझ्या सोन्या, माझ्या गाढवा,

मी इतकी मोठ्याने हसले की तुझा दादा तोंडाला दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आला. त्याला वाटलं, पडले.

तो रविवारचा गोड वास बिस्किटांचा नाही. कूलंटचा आहे! भट्ट्या थंड असताना वास येतो कुठून, हे त्या नाकाला विचारायचं होतंस. वेडं म्हणतोस त्याला! अख्ख्या वखारीत तेवढंच एक शहाणं आहे.

आता समजून घे. केबिनमध्ये डॅशबोर्डच्या मागे, डाव्या बाजूला, एक छोटीशी जाळी आहे. रेडिएटरचंच पिल्लू म्हण. हीटर लावलास की इंजिनाचं गरम पाणी त्या जाळीतून फिरतं आणि पंखा त्यावरून तुझ्या पायांवर वारा सोडतो. ती जाळी फुटलीय. कूलंट गरम होऊन जोरात आलं की त्यातून झिरपतं, ते जमिनीवर पडतच नाही, तुझ्या सतरंजीत मुरतं. वाफ होते ती काचेवर बसते, म्हणून तो तेलकटपणा. फिटरकडे पाणी का कमी झालं नाही? ऊन होतं, हीटर बंद होता. तुम्ही इंजिनाखाली पुठ्ठा टाकून वाट बघत बसलात आणि पाणी तुझ्या बुटाखाली होतं. चुकलं त्याचं नाही, तुझंही नाही. मी कधी केबिनमध्ये सतरंजी अंथरून राहिले नाही, नाहीतर मलाही आधी सुचलं असतं. नुसता पत्रा असता तर पायाशी हिरवं तळं दिसलं असतं. घर थाटायची हौस तुझी!

खात्री करून घे. पांढरं फडकं सतरंजीवर दाब. हिरवट डाग आला आणि बोटांना बुळबुळीत लागलं की झालं. चाटून बघू नकोस, विषारी असतं. तू बघशील म्हणून लिहितेय. ती सतरंजी कुत्र्यामांजरांच्या वाटेला येईल अशी टाकू नकोस, आणि आता केबिनमध्ये झोपू नकोस. वखारवालीला सांग, ओट्यावर जागा देईल.

मग इंजिन पूर्ण गार झालं की इंजिनाकडून केबिनच्या भिंतीत जाणारे दोन जाड पाइप शोध. दोन्ही इंजिनाच्या बाजूने काढायचे, आणि त्या दोन तोंडांना एकच नवा पाइप वाकवून जोडायचा. पाणी हीटरकडे जाणारच नाही, तिथल्या तिथे परत फिरेल. क्लिपा घट्ट. पाइपाला पीळ पडू देऊ नकोस. कूलंट वरपर्यंत भर, इंजिन चालू ठेवून हवा निघू दे, परत भर. फिटरला शेजारी उभं कर. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. जाळी आपण इथे सावकाश काढून, डाख लावून झाळून घेऊ.

हीटर मिळणार नाही. थंडीत कुडकुडत यावं लागेल. ये.

मासेवाल्याची माफी माग. पत्र लिहून नव्हे, समोर जाऊन.

तुझी आत्या

*

लाकडाची वखार,
२८ डिसेंबर

आत्ये,

हिरवा! फडकं असं हिरवं झालं की वखारवाल्याची बायको म्हणाली, रंग छान आहे, कुठल्या दुकानातला? (बोट तोंडापर्यंत गेलं होतं. तुझं पत्र दुसऱ्या हातात धरून वाचत होतो, म्हणून वाचलो.)

फिटरला तुझं पत्र वाचून दाखवलं. बिस्किटांपर्यंत आल्यावर त्याने कपाळावर हात मारला, मग हसत सुटला, मग पोपटही हसला. म्हणाला, "बाईंना विचार, गॅरेज चालवायला येतात का." पाइप मी कापला, मी जोडला. तो फक्त हात मागे बांधून उभा राहिला आणि चुकलो की घसा साफ करायचा. नंतर आम्ही थोरलीला वखारीपासून टेकडीपर्यंत आणि टेकडीवरून वखारीपर्यंत पळवली. तीन दिवस. पाणी जिथल्या तिथे. तापमानाचा काटा मधोमध, जागचा हलत नाही. मी इतका वेळ त्याच्याकडे बघत राहिलो की एक वळण चुकलं.

मासेवाल्याकडे गेलो. समोर उभा राहून सांगितलं, "काका, पिशव्या तुमच्या नाही, गाडी माझी गळत होती." त्याने आधी सगळ्यांना बोलावलं, शेजारच्या भांडेवाल्याला, पलीकडच्या चपलेवाल्याला. मग म्हणाला, "आता परत बोल." मी परत बोललो. काल पुन्हा गाडीत बसला.

उद्या सकाळी निघतो. दोन स्वेटर, कान बांधायला मफलर, मागे जुन्या कॅनमध्ये जादाचं कूलंट. वाटेत विहीर दिसली तरी बघणार नाही. पंप पडला असला तरी नाही. अगदी दोन असले तरी.

भटक्या

*

चौथा मजला,
२४ जानेवारी

भटक्या,

गाडी घेऊन फिरताना आईचा आणि तुझा मुक्काम सध्या वखारीत आहे असं कळलं, म्हणून तिथेच लिहितोय. पत्रं लिहिण्याची मला सवय नाही, पण फोन केला की तू उचलतोस आणि आई मागून ओरडते, "त्याला सांग मी चढावर आहे," आणि बोलणंच होत नाही.

तू आलास त्या दिवशी वर काय झालं ते तुला माहीत नाही. तू खाली होतास. आई नेहमीप्रमाणे मशीनवर बसली होती. एकाएकी पाय थांबला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती म्हणाली, "गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकला. उशिरा टाकला, पण टाकला." मग उठली. मी काठी शोधतोय, लिफ्टचं बटण दाबतोय, आणि ही जिन्याने खाली. लिफ्ट येईपर्यंत तिचा हात बॉनेटवर होता. मी खिडकीतूनच बघत राहिलो. आई ट्रकला काहीतरी बोलत होती. काय ते विचारलं नाही. ते तिचं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं आहे.

आणि मशीनचं तुला सांगितलं का तिने? महिनाभर घरात खडखड चालू आणि शिवलेला एक रुमाल नाही. तुम्ही निघायच्या आधी डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला, म्हणाले, "क्लच दाबता येईल इतकी ताकद कशी आली?" तेव्हा ही छताकडे बघत बसली. मी म्हटलं, "आई!" ती म्हणाली, "पायडल ते पायडल."

भंगारवाला ठरल्या दिवशी आला. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं बरं दिसेना. माझी व्यायामाची सायकल दिली. ती कुठे जातच नव्हती.

खरं सांगू का, मला वाटत होतं गाडी येऊ नये. आई घरात असली की मला कळायचं ती कुठे आहे. आता संध्याकाळी घरी येतो आणि घर शांत असतं. पण परवा ती फोनवर ज्या आवाजात बोलली, तो आवाज मी लहानपणी ऐकला होता, त्यानंतर नाही. त्या आवाजाला मी चौथ्या मजल्यावर बसवून ठेवणार होतो.

तुला एक विचारायचं होतं. तू आईला विचारून कळव. मला शनिवारी सुट्टी असते. तुमच्या दोघांच्या मध्ये सीटवर जागा होते का? लहानपणी मी नेहमी मागे गोणपाटांवर झोपून जायचो. पुढून रस्ता कसा दिसतो, मला माहीत नाही.

दादा

*

लाकडाची वखार,
२७ जानेवारी

माझ्या राजा,

भटक्याने पत्र वाचून दाखवलं आणि मग नाक शिंकरायला बाहेर गेला. मी गेले नाही, मला क्लिपा आवळायच्या होत्या.

जाळी झाळून आली, हीटर चालू झाला, तेव्हा स्वेटर घातलास तरी चालेल, नाही घातलास तरी चालेल. तू मध्ये बसायचं नाहीस. खिडकीत बसायचं. मध्ये भटक्या बसेल, तो कुठेही बसतो.

शनिवारी उजाडताच गेटवर उभा राहा. घाटाच्या माथ्यावर एक जागा आहे, तिथून खालचा सगळा रस्ता एकदम दिसतो. तिथे मी गाडी उभी करीन. तुझ्या वडिलांबरोबर मी तिथे नेहमी थांबायची. तू तेव्हाही गाडीत होतास, पण तुला कुणी उठवलं नाही. आता मी उठवेन.

आई